तुळजाबाईचं डांगर

मंगळवार, २१ एप्रिल १९९८. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जुन्या जालन्यातल्या एका भाड्याच्या खोलीत घरमालक गोपीकिशन यांनी साडेपाच किलोच्या लाल भोपळ्यावर सुरी टेकवली आणि वरून तळहाताचा एक रट्टा दिला. भोपळ्याची दोन शकलं झाली. गोपीकिशन यांनी हात धुतले आणि ते दुकानात गेले.

खोलीत उषा राहत होती. तिचा नवरा मच्छिंद्र एमआयडीसीतल्या लोखंडी सळ्यांच्या एका री-रोलिंग मिलमध्ये पहिल्या पाळीला होता आणि साडेपाचलाच घरातून निघाला होता. अख्खा भोपळा, म्हणजे तिकडच्या बोलीत डांगर, बाईनं कापायचं नाही, पहिली सुरी पुरुषानं लावायची, ही रीत उषाच्या सासरी होती आणि गोपीकिशन यांच्या घरीही होती. का, ते दोन्ही घरांत कोणी विचारलं नव्हतं. मच्छिंद्र कामावर गेल्यामुळे उषानं खालच्या मजल्यावर जाऊन घरमालकाला बोलावलं होतं, इतकंच.

डांगर सासऱ्यांचं होतं. रामराव अंबडपासून सात किलोमीटरवरच्या गावात राहत. संक्रांतीला त्यांनी ते मच्छिंद्रबरोबर जालन्याला पाठवलं होतं, कारण गावच्या घरात उंदीर झाले होते. "आखितीला न्यायला येतो," असा निरोप होता. अक्षय तृतीया आठ दिवसांवर आली होती.

रविवारी गावातल्या एसटीडी बूथवरून सासूबाई गोजरबाईंचा फोन आला. रामराव मंगळवारी जालन्याला दातांच्या डॉक्टरकडे येणार होते. तीन दाढा काढायच्या होत्या.

"कायतरी मऊ करून ठेव त्यांच्यासाठी," गोजरबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, डांगर हाय की. कापू का?"

"काप. आखितीला कापायचंच होतं. पर गडी माणसाचा हात लाव आधी."

पन्नास सेकंदांत बोलणं संपलं.

उषाच्या मनात घारगे होते. पण घारगे तळले की कडक होतात, दाढ काढलेल्या माणसाला ते चालायचे नाहीत. घरमालकीण पानबाईंकडे गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन होता, वर काचेचं झाकण असलेला. कुठल्याशा मासिकातून उतरवून घेतलेली भोपळ्याच्या पावाची कृती त्यांच्या वहीत चार वर्षं पडून होती. कृतीत दोन अंडी होती. पानबाईंनी ती ओळ खोडून वर "दही" लिहून ठेवलं होतं.

"अंडं माझ्या ओव्हनमध्ये येणार नाही, आधीच सांगते," पानबाई म्हणाल्या.

"माझ्याकडं कुठं हाय भाभी अंडं? मीच आता माळकरी घरातली."

सात ते दहा दोघी कामाला होत्या. उषानं डांगर किसलं, वाफवलं, पंच्यात बांधून पाणी पिळून काढलं. गर केशरी होता, आणि नुसता चाखला तरी गोड. पानबाईंनी मैदा आणि कणीक निम्मी निम्मी चाळली, सोडा घातला. गूळ, दही, तेल, वेलदोडा. मिश्रण घट्ट झालं तसं पिळलेलं पाणी थोडं परत ओतलं.

मधल्या वेळात पानबाईंनी बिया निवडल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात भोपळ्याची बी कधी फेकली जात नसे. सोललेल्या बीला त्या मगज म्हणत, लाडवात आणि बर्फीत घालत. जाड, भरलेल्या बिया त्यांनी धुतल्या आणि अर्धा तास नखानं सोलल्या. नखं दुखायला लागली तसं उरलेल्या सालीसकट तव्यावर भाजल्या आणि सगळ्या मिळून पावाच्या मिश्रणावर पसरल्या. चपट्या, बारीक बिया धाग्यांतच राहिल्या. ते धागे आणि साली पानबाईंनी रोजच्यासारख्या साडेआठला दारात येणाऱ्या गायीला घातल्या.

दहा वाजून पाच मिनिटांनी डबा ओव्हनमध्ये गेला. दहा चाळीसला वीज गेली, अकराला आली. पाव मधोमध किंचित बसला, पण पावणेबाराला विणायची सुई घालून पाहिली तर कोरडी निघाली.

रामराव दोन वाजता आले. गालात कापसाचा बोळा, बोलणं बंद. मच्छिंद्र अडीचला पाळी संपवून आला. चार वाजता बोळा निघाला आणि उषानं चहाबरोबर पावाचा जाड तुकडा पुढे ठेवला. रामरावांनी तो बशीत बुडवून खाल्ला.

"झकास झालंय," ते म्हणाले. "काय हाय हे?"

"पाव हाय मामा. डांगराचा."

त्यांनी दुसरा घास घेतला, जरा थांबले आणि तोंडातून एक बी काढून तळहातावर ठेवली. बीला साल होती. सालीच्या कडेनं तपकिरी रेघ होती. दाढांच्या जागी जखमा असल्यामुळे ती चावली गेली नव्हती.

"कोणचं डांगर?"

"तुमचंच. कोपऱ्यातलं."

"कापलं कोणी?"

"शेठजीनं. हे ड्यूटीवर गेल्ते."

"त्यानं बी न्हाई काढलं?"

"ते कापून दुकानात गेले."

"मंग बी कुठंय?"

उषानं पावाकडे पाहिलं. रामरावांनीही पाहिलं.

रामरावांच्या घरी रीत इथं संपत नव्हती. जो पुरुष डांगर कापी तोच बी काढी, उपरण्यात बांधी आणि वावरात नेई. मग राहिलेली शकलं चुलीपाशी जात. आखितीला ताजी बी काढायची आणि त्याच दिवशी आळ्यात लावायची. राखेत घोळून, वाळवून ठेवायची पद्धत त्या घरात नव्हती, कारण फळच आखितीपर्यंत टिकायचं. गोजरबाईंच्या किंवा उषाच्या हातात ती बी कधी आलीच नव्हती. "गडी माणसाचा हात लाव" म्हणताना गोजरबाईंच्या डोळ्यांपुढे मच्छिंद्र होता. तो कापील, बी काढील, बापाच्या हातात देईल. यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्या डांगराचं बी रामरावांच्या आईनं, तुळजाबाईनं, लग्नात भोकरदनकडच्या माहेराहून आणलं होतं. फळ चपटं, राखी सालीचं, बीच्या कडेला तपकिरी रेघ असलेलं, शिंक्यात टांगलं तर पुढच्या आखितीपर्यंत न सडणारं. गेल्या हंगामात तीन वेल होते. दोन पिवळे पडून गेले. तिसऱ्याला दोन फळं आली, त्यातलं एक नोव्हेंबरच्या पावसात सडलं. राहिलं ते उंदरांपासून वाचवायला जालन्याला पाठवलं होतं.

"अण्णा, बी आणतो ना मी," मच्छिंद्र म्हणाला. "जालन्यात बियाचा काय तोटा हाय? कंपनीचं पाकीट आणतो, बिलकुल गॅरंटीचं."

"बी लई हाय रे," रामराव म्हणाले. "हे न्हाई."

"पुंजाराम काकाकडं असंल. आजीनं दिल्तं त्यांना."

"पुंजाराम चार वर्षं झाले पाकीटच लावून राह्यला. मी गेल्तो इचारायला."

संध्याकाळी गोपीकिशन दुकानातून आले आणि पायरीवरच त्यांना सगळं कळलं. ते तसेच वर आले.

"रामरावजी, मला म्हणले सुरी लावा, मी लावली. बी काढा म्हणले असते तर काढली असती."

"तुमचं बराबर हाय शेठजी."

"आमच्याकडे बी बायकाच काढतात. मगज कोणी फेकत नाही."

"तेबी बराबर हाय."

"सगळ्यांचंच बराबर आहे," पानबाई दारातून म्हणाल्या, "आणि डांगर गेलं."

उषा तोवर पावाच्या वरच्या बिया एकेक उचकटून ताटलीत ठेवत होती. एकूण एकसष्ट निघाल्या. त्यांतल्या सालीसकट एकवीस होत्या. रामरावांनी दोन फोडून पाहिल्या, आत तांबूस झाल्या होत्या. त्यांनी ताटली बाजूला सारली. तेव्हा उषाला सकाळची गाय आठवली.

"भाभी, धाग्यात बारीक बी होतं ना?"

"होतं. पोचट होतं."

"गाय कोणाची?" रामरावांनी विचारलं.

गाय मागच्या गल्लीतल्या कांताबाईंची होती. दिवसभर मोकळी फिरायची, संध्याकाळी दावणीला यायची. कांताबाई शेणाच्या गोवऱ्या थापून विकत. रामराव सात वाजता त्यांच्या दारात उभे राहिले, सुजलेल्या गालावर उपरणं धरून. मागं उषा होती.

कांताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "लोक दूध मागायला येतेत," त्या म्हणाल्या. "तुमी शेण मागून राह्यले."

"दोन दिवसाचं द्या बाई. बी निवडून शेण वापस करतो."

"धुतलेलं शेण काय करू मी? त्याची गोवरी न्हाई होत. न्या तसंच, पर टोपलं माझं ठेवा. आन गाय दोन दिवस बांधून ठेवायची म्हणता, तर कडब्याचं काय?"

कडबा गोपीकिशन यांनी पाठवला.

डॉक्टरांनी रामरावांना दुसऱ्या दिवशी गावी जायला मोकळीक दिली होती. ते गेले नाहीत. बुधवार आणि गुरुवार ते कांताबाईंच्या दावणीजवळ पोत्यावर बसून होते. शेण पडलं की टोपल्यात भरायचं, नळावर नेऊन बादलीत कालवायचं आणि चाळणीतून गाळायचं. चाळणी पानबाईंनी दिली होती, आदल्या दिवशी मैदा चाळला तीच.

"ही परत आणू नको," त्यांनी उषाला सांगितलं.

गाळायचं काम बुधवारी दुपारपासून उषानं स्वतःकडे घेतलं. रामरावांनी आधी नको म्हटलं. मग त्यांनी तिला दाखवलं की चाळणीत बोट फिरवायचं नाही, पाणी सोडायचं. बोटानं टोक मोडतं. पेरायच्या बीला तिचा पहिल्यांदा हात लागत होता.

तोंडाला दुसरं काही चालत नसल्यामुळे तीन दिवस रामरावांनी तोच पाव चहात बुडवून खाल्ला. गुरुवारी रात्रीपर्यंत तो संपला.

बुधवारी सहा अख्ख्या बिया मिळाल्या. गुरुवारी आठ. शुक्रवारी सकाळच्या शेणात एकही नव्हती. चौदा बिया वाटीभर पाण्यात टाकल्या, पाच तरंगल्या, नऊ बुडल्या. बुडालेल्या नऊ रामरावांनी ओल्या फडक्यात गुंडाळून उपरण्याच्या गाठीत बांधल्या. कडेची तपकिरी रेघ कुठल्याच बीवर ओळखू येत नव्हती. शेणानं सगळ्यांचा रंग एक झाला होता.

निघताना ते टोपलं द्यायला कांताबाईंकडे गेले.

"मिळालं का?" कांताबाईंनी विचारलं.

"नऊ हायेत."

"चांगलं झालं. पर एक सांगते, नंतर मला बोल लावू नका. गाय रोज पाचला भाजी मंडईत जाती. सोमवारीबी गेल्ती. तिथं सडके डांगरं फेकतेत, पोटभर खाती ती."

रामरावांनी गाठ चाचपली. "असू द्या," ते म्हणाले, आणि नऊच्या अंबड गाडीनं गेले.

बुधवारी, २९ एप्रिलला, आखितीच्या दिवशी विहिरीजवळ नऊ आळी झाली. प्रत्येक आळ्यात एक बी, शेजारी एक काडी. ११ मेपर्यंत चार वेल उगवले. जूनमध्ये तांबड्या भुंग्यांनी त्यांतले दोन खाल्ले. दोन राहिले.

मच्छिंद्र रविवारी, २६ जुलैला, गावी जाऊन आला. त्यानं सांगितलं ते असं. एका वेलाच्या पानांवर पांढरे ठिपके आहेत, जुन्या वेलाला असायचे तसे. पण त्याला अजून नुसती नर फुलंच येतात. दुसऱ्याची पानं साधी आहेत आणि त्याला दोन फळं धरली आहेत, नारळाएवढी. पुंजाराम बांधावरून पाहून गेले आणि म्हणाले, हेच ते. गोजरबाई म्हणतात, हे नव्हे. तुळजाबाईचं डांगर या वयात याहून चपटं असायचं. राखी रंग दसऱ्याच्या सुमारास येतो, त्याआधी कळायचं नाही. ठिपक्यांच्या वेलावर दुसऱ्या वेलाचा पराग जाऊ नये म्हणून रोज संध्याकाळी रामराव त्याची मादी कळी शोधतात, सापडली तर दोऱ्यानं बांधायची म्हणून.

उषानं मच्छिंद्रच्या हाती विचारून पाठवलं होतं, या वर्षी कापायच्या दिवशी मी येऊ का.

"काय म्हणले?"

"ये म्हणले. कापायचं मी बघतो म्हणले. चाळणी संगं आण म्हणले."

"चाळणी कशाला? बी तर डांगरातूनच काढायचं."

"मी काय इचारलं न्हाई."

"आन फळाचा रंग?"

"हिरवाच हाय अजून," मच्छिंद्र म्हणाला.