विलायतेचे घोडे, रनाळ्याची मोट

बैल खाली.

बैल धावेच्या उतारावरून खाली उतरले की नाडा ओढला जातो, मोट विहिरीतून वर येते आणि दोधूची जीभ सुटते.

"इंजिन लयसू!" नाड्यावर बसल्या बसल्या तो ओरडला. "तेलनं इंजिन! बैलबी नको, नाडाबी नको. ऐकी ऱ्हायनी का वं?"

ऐकत होती. शेताच्या पार दुसऱ्या टोकाला धनुबाई फावडं घेऊन मिरचीच्या रोपांच्या वाफ्यांपाशी उभी होती. नवऱ्याने मोट हाकायची आणि बायकोने वाफ्यावाफ्याला पाणी वळवायचं, असं त्यांचं लग्न झाल्यापासून चालत आलं होतं. इंजिन ऐकू आलं. पाणी आलं नाही.

चामड्याच्या मोटेला वीतभर चीर गेली होती. विहिरीतून भरून निघालेली मोट काठापर्यंत यायची ती अर्धी, मग पाव,

मग

चूळभर.

बाकीचं पाणी जिथून आलं तिथेच धो धो पडायचं.

बैल वर.

आता मोट रिकामी खाली जाते, तेवढ्यात तिकिटाचं सांगून घ्यावं.

तिकीट आणलं पितांबरने. पितांबर रनाळ्याच्या स्टेशनवर रुळांचे सांधे बदलायचा आणि गार्डांशी गप्पा मारायचा. त्यांच्यापैकी कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की विलायतेत घोडे पळतात, त्यांच्यावर कलकत्त्यात सोडत निघते आणि ज्याचा घोडा लागला त्याच्या सात पिढ्यांना हात हलवावा लागत नाही. एकट्याला तिकीट झेपेना, म्हणून तिघांनी मिळून घेतलं. पितांबर, दोधू आणि गावातल्या मोटा शिवणारा सुकराम.

तिकीट आलं त्याच आठवड्यात मोट फाटली.

बैल खाली.

"विहिरीवर खोली बांधसू इंजिनले! तिले रंग देसू!"

धनुबाईने पाटात हात घातला. तळाशी ओल होती, नुसती ओल. कडेच्या वाफ्यातली रोपं दुपारी मान टाकत होती आणि आज सकाळीही त्यांनी ती उचलली नव्हती.

हे बी साधं नव्हतं. म्हसावदला तिची आई दर साली झाडावरची सगळ्यांत लांब मिरची काढायची, सावलीत वाळवायची, बी राखेत घोळून मडक्यात ठेवायची. त्या मिरचीचा वास वेगळा, तिखटपणा उशिरा लागणारा. गावात दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती. आई गेल्या थंडीत गेली. मडकं धनुबाईकडे आलं. बी एक साल अजून ठेवलं तर उगवेल का नाही याची खात्री नव्हती, म्हणून तिने मूठभर मागे न ठेवता सगळं टाकलं.

सगळं.

बैल वर.

"मोट शिवाडी ल्या ना," तिने दोधूला भाकरी वाढताना सांगितलं. पहिल्यांदा नव्हे.

"आते? इंजिन येवावर शे नि मी चामडाले ठिगळ लावत बसू?"

"येई तवय येई. तंवर रोपं मरतीन ना."

दोधूने आवाज खाली आणला, जसं काही उंबऱ्याबाहेर कोणी कान लावून बसलंय. "तुले समजत नही. सोडत निंघाना पहिले जुनं शिवं का नशीबले वाटस, याले मन्हा भरोसा नही. मंग ते दुसरानं घर धरस."

"नशीब काय आपली मोट देखाले येस का?"

यावर दोधू दुखावल्यासारखा जेवला.

बैल खाली.

मग ती सुकरामकडे गेली. सुकराम ओट्यावर पाय पसरून बसला होता. आरी, रापी, वादी, चामडं शिवायचं सगळं सामान कोनाड्यात. हात धुतलेले, आणि ते धुतलेले हात तो पुनःपुन्हा हुंगत होता.

"मोट फाटनी शे, सुकरामभाऊ."

"माहीत शे, माय. पन तुम्हना घरधनीनीच सांगं, 'मोटनं आते काय काम, इंजिन लयसू.' मन्हा तोंडवर सांगं. मंग मी काय इंजिनले टाका घालू?"

"ते बोलतस काहीबी."

"तिकीटमां मन्हाबी वाटा शे. मी नंदुरबारले दुकान टाकसू. जोडा इकसू, शिवाव नही." त्याने हात परत हुंगले. मग जरा नरमला. "तुम्हनाकरता शिवसू. पन दोधूभाऊले सोता येवाले सांगा. म्हना, 'सुकराम, मोट शिव.' इतलंच."

दोधू गेला नाही. तो म्हणत होता, सुकराम ताठला. सुकराम म्हणत होता, दोधू ताठला. तिकीट एक, मोट एक, आणि त्या दोघांच्या मध्ये धनुबाई रोज ये-जा करत होती.

सुकरामवाचून दुसरा उपायही नव्हता. गावाची रीतच तशी. चामड्याला सुई लावायची ती सुकरामच्या घराने. दुसऱ्याने लावली तर ती मोट विहिरीत सोडायची नाही. सुकरामला विहिरीच्या काठावर चढू देत नसत. त्याने शिवलेल्या मोटेचं पाणी मात्र सगळं गाव पीत होतं. धनुबाईच्या मनात हे पूर्वी कधी आलं नव्हतं. आता रोज येत होतं.

बैल वर.

संध्याकाळी तिघं दोधूच्या अंगणात जमायचे. सुकराम जरा बाजूला, पायरीखाली. दोधूशी तो मोटेचं बोलत नसे, बाकी सगळं बोले.

"पहिला दर्जाना डबामां बसीसन जासू," पितांबर म्हणाला, "नि आपलंच स्टेशन आनं का खिडकीमाईन मास्तरले सांगसू, 'ए, झेंडी नीट धर!'"

"पहिला दर्जानी गाडी आठे थांबाव नही, मास्तर कसा देखी आपलाले?" सुकराम म्हणाला.

"मी साखळी ओढसू!"

तिघंही पोट धरून हसले. हसता हसता पितांबरचं लक्ष दाराकडे गेलं.

"वहिनी, तुम्ही काय करशात? पाटल्या? का म्हसावदले वाजतगाजत जाशात?"

धनुबाई दारात बसून लोट्यातल्या पाण्यात वाळलेल्या रोपांची टोकं बुडवून बघत होती. मान वर न करता तिने सांगितलं,

"मी मोट शिवाडी लिसू."

हसू इतकं मोठं उठलं की गोठ्यातले बैल उभे राहिले. दोधूही हसला. सुकराम हसला नाही. पण उठलाही नाही.

बैल

उभेच. मोट कोरडी. आता हाकण्यातही अर्थ उरला नव्हता. दोधू स्टेशनवर जाऊन तारेच्या यंत्राची टकटक ऐकत बसू लागला, जणू घोडे त्याच तारेवरून पळत येणार होते. वाफे एकेक करून तांबडे पडले. घागरीने ओढून ओढून धनुबाई एक वाफा कसाबसा धरून होती. तळहात सोलून निघाले.

एका दुपारी तिने गोधडीची मोठी सुई घेतली, सुताचा चौपदरी दोर वळला, त्याला मेण चोळलं आणि विहिरीच्या काठावर मोट मांडीवर ओढली. चामडं हट्टी. एक सुई मोडली, दुसरी बोटात गेली. तिने टाका घातला, मग दुसरा, शिव्या देत, नाव कुणाचं न घेता. चीर मिटली. घागरीने भरून बघितली. थेंब थेंब गळत होतं, पण पाणी राहत होतं!

तेवढ्यात दोधू आला.

"हाई कोनी शिवी?"

"मी."

त्याने आजूबाजूला पाहिलं. "कोनी देखं?"

"बैल जोडा तुम्ही, मी पाट धरस."

"ती मोट विहीरमां जावाव नही."

"फाटेल चालस, शिवेल चालत नही?"

"भाऊबंद विहीरना पानीले हात लावतीन नही. तुले अक्कल शे का?"

त्याने मोट उचलली आणि निंबाखाली टाकली. शिवलेली मोट निंबाखाली, रोपं उन्हात, विहिरीत पाणी. धनुबाईने रडायचं ठरवलं, पण रडू येईना. तिने घागर उचलली.

बैल उभेच.

चार दिवसांनी पितांबर रुळांवरून चालत आला. त्याची चाल बघूनच कळलं.

"दुसरानाच घोडा लागना."

दोधू कोणी काही न सांगता उठला आणि सुकरामच्या ओट्यासमोर जाऊन म्हणाला, "सुकराम, मोट शिव."

एवढंच. एवढ्याशासाठीच.

सुकराम निंबाखाली आला. धनुबाईचे टाके बोटाने चाचपून बघितले. "चांगला घाल्यात, माय," तो हळूच म्हणाला. मग रापी काढली आणि तिचा एकेक टाका कापला. सगळे कापून झाल्यावर तिनेच पाडलेल्या भोकांतून त्याने आपली वादी ओवली. नवीन भोक एकही पाडलं नाही.

"आते जाई विहीरमां," दोधू समाधानाने म्हणाला.

बैल खाली.

मोट काठोकाठ भरून आली. पाट फुगला. पाणी जळालेल्या वाफ्यांच्या कडेने खळखळत थेट त्या शेवटच्या वाफ्यात शिरलं, आणि धनुबाईला क्षणभर बरं वाटलं.

मग दुसरी मोट. तिसरी. वाफ्यात पाणी चढलं. रोपांचे शेंडे तेवढे वर राहिले.

"बस करा!" ती ओरडली. "डुबी जातीन!"

"काय शे," धावेवरून दोधू सांगत होता, बैलांच्या घंटांवरून, पाण्याच्या आवाजावरून, "एक तिकीटमां काय व्हस? पुढला साल दोन लिसूत! सुकरामबी तयार शे!"

"बस करा वो!"

"दोन घोडा म्हंजे, एक नही तं दुसरा—"

चौथी मोट.

धनुबाईने फावडं फेकलं, वाफ्याच्या तोंडात आडवी बसली आणि पाठीने पाणी अडवलं. लुगडं भिजलं, पाणी कमरेपाशी तुंबलं, दोन्ही बाजूंनी वाट शोधू लागलं. तेव्हा तिने हात लांब करून, हाताला येईल तशी, माती उकरत मेलेल्या वाफ्यांची तोंडं उघडली. एक, मग त्याच्या पलीकडचा, मग जिथवर हात पोचला तिथवर. पाणी तिकडे गेलं. वाळक्या काड्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि हलू लागल्या.

"ऐकी ऱ्हायनी का वं?"