मल्हारीआबांच्या पागोट्याची लांबी

राहू गावाजवळच्या वस्तीवरच्या शाळेत शिक्षक दोनच, सुलक्षणाबाई आणि दत्ता सर. गुरुवारी दोघांना एक प्रश्नावली आली. आपण आपल्या नोकरीत किती समाधानी आहात? चारच्या आत भरून द्यायची.

तीन दिवस बाई फोनवर नुसती माहिती भरत होत्या. शौचालयाचे फोटो, पोषण आहाराचे आकडे, मुलांचे आधार नंबर. शिकवायला मिळालं ते फक्त बुधवारी, तासभर, मीटर आणि सेंटीमीटर. 'पुन्हा संधी मिळाली तर हाच पेशा निवडाल का?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहायला त्यांनी पेन टेकवलं, तोच दारातून आवाज आला.

"बाई, ह्या पोरीला काय शिकिवलंय तुम्ही?"

तिसरीतल्या मोनिकाचे आजोबा, मल्हारीआबा. डोकं उघडं, पागोटं काखेत.

"धा मीटरचं पागोटं हाय माझं. आख्ख्या वस्तीला ठावं हाय. आन् ही म्हणती, पावणेनऊ!"

"आठ मीटर सत्तर," मोनिकानं जागेवरूनच दुरुस्ती केली.

बाईंना हसू आवरेना. "आबा, इथंच मोजू की."

पागोटं व्हरांड्यात उलगडलं. पोरांनी ते दोन्ही कडांनी ताणून धरलं. मोनिका मीटरपट्टी सरकवत गेली, बाकीचे एका सुरात मोजत गेले. आठ मीटर, वर सत्तर सेंटीमीटर.

"पोरांनी ढिलं सोडलं. परत मोजा, आता मी धरतो."

परत तेवढंच भरलं. आबांनी वाकून पट्टीवरचा आकडा स्वतः बघितला. मग एकदम खो खो हसत सुटले.

"चार वर्सं झाली घेऊन. दुकानदारानं मला गंडवलं, आन् पकडलं कुणी, तर माझ्या नातीनं!"

मग पोरांच्या आग्रहाखातर त्यांनी पागोटं कसं बांधतात तेही सावकाश करून दाखवलं. तास कधी संपला, कुणालाच कळलं नाही.

बाई खुर्चीत येऊन बसल्या आणि त्यांनी 'हो' लिहिलं. ऑनलाइन कामांच्या रकान्यात मात्र 'अजिबात समाधानी नाही', आणि खाली दोन ठळक रेघा.

"रेघा मारायला कुठं सांगितलंय?" दत्ता सर म्हणाले.

"माझ्याकडून जादा."

आबा पायरीवर चपला घालत होते. "बाई, आता म्होरं काय शिकिवणार?"

"सोमवारपासून वजन."

आबा थबकले. आपला बोकड चाळीस किलोचा आहे, असं ते गावभर सांगून बसले होते.

"मोनिका," ते दरडावून म्हणाले, "बोकडाला हात लावायचा न्हाई!"