पालथे शंख

"बाई, ह्ये पालथे हायत," मायक्रोस्कोपवरून मान वर न करता केरूमामा म्हणाले.

केरूमामा रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजातले प्रयोगशाळेचे शिपाई. लांज्याकडचे, सातवी पास. मी तिथली डेमॉन्स्ट्रेटर. भाट्याच्या खाडीत खणून काढलेल्या गाळातून रव्याच्या कणाएवढे शंख ते ओल्या ब्रशानं वेचायचे. फोरॅमिनिफेरा हे त्यांचं भारदस्त नाव, आम्ही आपले शंखच म्हणायचो. मी ते डिंकानं चिकटवायची आणि उजव्या वेढ्याचे किती, डाव्याचे किती, मोजायची. तीन वर्षं हेच चाललं होतं. खालच्या, जुन्या गाळात डावे जास्त निघाले होते; म्हणजे त्या काळी समुद्र थंड होता, हाच माझा निष्कर्ष. सोमवारी माझा प्रबंध मुंबईला जायचा होता, आणि नावामागे डॉक्टर लावून मी चारदा सही करूनही पाहिली होती.

"पालथे म्हणजे?"

"सुलट असला तर सगळे कप्पे दिसतात, बारक्यापासून मोठ्यापर्यंत. ह्यांचा नुसता शेवटचा वेढा दिसतोय. पालथा चिकटवला की उजवा डावा दिसनार, बाई."

माझं डोकंच फिरलं. "वेचायचं काम तुमचं. तेवढं करा," मी फटकन बोलले. वडिलांच्या वयाचा माणूस तो. आजही आठवलं की लाज वाटते.

केरूमामा डिंक ओला करून एकेक शंख उलटायला लागले. तासाभरानं मीही मुकाट्यानं शेजारी जाऊन बसले. दोन दिवसांत अकराशे शंख झाले. उजवे-डावे सगळीकडे निम्मे निम्मे. प्रबंध गेला नाही. पुढे लग्न, मुलं, ते राहिलं ते राहिलंच.

पण त्या खोलीतली नंतरची चार वर्षं काय सुखाची गेली म्हणून सांगू! ओल्या गाळाचा वास, खिडकीतून येणारा खारा वारा, आणि वेचता वेचता केरूमामांच्या गावाकडच्या गप्पा.

सत्त्याऐंशी साली ते निवृत्त झाले. समारंभातून शाल-नारळ घेऊन थेट प्रयोगशाळेत आले.

"बाई, त्या दिशी मी गप ऱ्हायलो असतो तर तुमी डाक्टर झाला असता."

"झाले असते, मामा. आणि जन्मभर पोरांना चुकीचं शिकवलं असतं."

आपल्याला मिळालेली शाल त्यांनी माझ्या खांद्यांवर घातली आणि नारळ हातात दिला.

"तुमचा सत्कार ऱ्हायला होता," म्हणाले, आणि लांज्याची एसटी गाठायला निघाले.