बाळ कुठे बघतंय

फोन आला तेव्हा तो एका माणसाचे पासपोर्टचे आठ फोटो कापत होता. गिऱ्हाईक बाकावर पाय हलवत बसलं होतं. फोन उचलला तर आधी कोणी बोललंच नाही, नुसतं बाळाचं रडणं ऐकू आलं. त्याला वाटलं, बायकोला पोचायला उशीर झाला म्हणून तक्रार असणार.

"निघालीय ती, येईलच एवढ्यात," तो म्हणाला.

"पोचल्यात, काका," पलीकडून एक तरुण बाई म्हणाली. बाळ रडतच होतं. "पण त्या उठत नाहीयेत."

सहा फोटो कापून झाले होते. राहिलेले दोन त्याने कापले, पाकिटात घातले, गिऱ्हाइकाच्या हातात दिले आणि मग दुकानाला कुलूप लावलं. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. हातातलं काम संपेपर्यंत त्याला ते खरं व्हायला नको होतं.

दुकान दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत तो पासपोर्ट, परवाना, ओळखपत्र असले फोटो काढायचा. आतल्या खोलीत मोठी खिडकी होती, तिथे त्याची बायको तान्ह्या बाळांचे फोटो काढायची. ज्यांना बाळ घेऊन येणं जमत नसे त्यांच्या घरी जायची. "तुमच्याकडे सरकारला लागणारे चेहरे आणि माझ्याकडे आईला लागणारे," ती म्हणायची. लोक त्याला पासपोर्टकाका म्हणत आणि तिला फोटोमावशी. एकतीस वर्षं असंच चाललं.

त्या दिवशी ती बारा दिवसांच्या मुलीचा फोटो काढायला गेली होती. तो पोचला तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. हृदय बंद पडलं, म्हणाले. ती खिडकीपाशी भिंतीला टेकून बसली होती, कॅमेरा मांडीवर. एकही फोटो काढून झाला नव्हता. दारात बाळाची आजी शेजारणींना सांगत होती, "पोरीने डोळे उघडले, त्या बाईकडे टक लावून बघितलं आणि बाई बसली ती बसलीच. पांढऱ्या पायाची आहे, दुसरं काय!"

बाळाची आई भिंतीशी उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. असं बोलू नका, एवढंच त्याने म्हणायचं होतं. त्या घरात त्या वेळी त्याचा शब्द कोणी खाली पडू दिला नसता. तो बोलला नाही. खरं सांगायचं तर आजीचं बोलणं ऐकून त्याला जरा बरं वाटलं. कोणाच्या तरी माथी मारायला मिळालं होतं, मग ते बारा दिवसांचं का असेना.

दोन महिन्यांनी त्या आईचा फोन आला.

"काका, माझ्या ठकीचा अजून एकही फोटो नाही. दुसऱ्या कोणाकडे न्यायचं म्हटलं की सासूबाई विचारतात, आणखी एकाला घालवायचंय का? कोणी बघायला आलं तर ठकीला तोंडावर फडकं टाकून आत नेतात. तिची नजर नको म्हणतात. तुम्ही काढलात ना फोटो, तर त्यांचं तोंड बंद होईल."

"मला बाळांचं येत नाही गं."

"मग शिका की! फक्त ती चालायला लागायच्या आत शिका."

तो हो म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही नीट कळलं नाही.

शिकायला बाळ आणलं ते त्याच्या मेहुणीने. बायकोची ही धाकटी बहीण तोंडाने फटकळ, पण रोज डबा तीच पाठवायची. तिचा नातू तीन महिन्यांचा होता. त्याला तिने आतल्या खोलीत गादीवर ठेवलं, पाय खिडकीकडे करून. तो कॅमेरा डोळ्याला लावून समोर उभा राहिला आणि सवयीने म्हणाला, "हनुवटी थोडी वर. हलू नका."

मेहुणी हसत खालीच बसली. "भावोजी, बाळ आहे ते! त्याला काय परदेशी जायचंय?"

आणि तीच हसता हसता रडायला लागली. त्या खोलीत तिच्या बहिणीनंतर पहिल्यांदाच कोणी हसलं होतं.

मग दोघांनी फोटो कॉम्प्युटरवर लावून पाहिले. खिडकीचा उजेड बाळाच्या पायाकडून वर गेलेला. नाकपुड्या उजळलेल्या, डोळ्यांच्या जागी काळ्या खाचा.

"अगंबाई, हे आमचं बाळ नव्हे. पुसून टाका ते आधी!"

बाळाचं डोकं खिडकीकडे ठेवायचं, म्हणजे उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरतो. ही साधी गोष्ट त्याला तीन फोटो बिघडवल्यावर उमगली. एकतीस वर्षं भिंतीपलीकडे बसून त्याने कधी डोकावून पाहिलं नव्हतं. विचारायला आता कोणी नव्हतं. म्हणून त्याने तिने काढलेले जुने फोटो एकेक उघडायला घेतले.

त्यात एक खोड होती, ती त्याला पहिल्यापासून ठाऊक होती. एकही बाळ सरळ कॅमेऱ्यात बघत नव्हतं. सगळी जरा वर बघत होती. पासपोर्टच्या फोटोत असं चालत नाही, फोटो परत येतो. त्यावरून तो तिला टोकायचा, "नजर चुकली बघ." ती म्हणायची, "चुकली नाही. ती कुठे बघतायत ते तुम्हाला कळत नाही."

एका दुपारी त्याने एका बाळाचा डोळा मोठा करून पाहिला. बुबुळात खिडकीचा पांढरा चौकोन होता आणि त्या चौकोनासमोर एक काळी आकृती. खांदे, अंबाडा, छातीशी धरलेला कॅमेरा. त्याने दुसऱ्या बाळाचा डोळा मोठा केला. तिथेही ती. मग तिसऱ्याच्या, दहाव्याच्या. ती कॅमेरा डोळ्याला लावतच नव्हती. हनुवटीच्या खाली धरायची, चेहरा उघडा ठेवायची, आणि बाळं तिच्या तोंडाकडे बघायची. त्या संध्याकाळी त्याने दुकान उघडलं नाही. हजारो डोळ्यांत ती उभी होती आणि एकाही फोटोत नव्हती.

मग तोही कॅमेरा छातीशी धरायला शिकला. खोली उबदार ठेवायची, हात चोळून गरम करायचे, बाळाचं पोट भरल्याशिवाय कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही, हेही शिकला. मेहुणीने ओळखीतली आणखी दोन बाळं आणली. फोटो बरे येऊ लागले. पण ती बाळंही त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. तिन्ही बाळं त्याच्या डाव्या खांद्याच्या मागे बघत होती, एकाच ठिकाणी. एक तर तिकडे बघून खुदकन हसलंसुद्धा.

"उजेडाकडे बघतात, भावोजी," मेहुणी म्हणाली. "बाळंच ती."

खिडकी उजवीकडे होती. ते दोघांनाही दिसत होतं. त्या दिवसापासून तो डाव्या बाजूला जरा जागा सोडून उभा राहू लागला.

ठकी चार महिन्यांची झाली तेव्हा तो तिच्या घरी गेला. खोली तीच, खिडकी तीच. जिथे त्याची बायको बसली होती तिथे आता कपड्यांची टोपली होती. आईने ठकीला गादीवर ठेवलं. आजी दारात पाट टाकून बसली.

"अहो फोटोवाले, बरं झालं आलात," आजी म्हणाली. "सूनबाईला वाटतं मी मनाचं रचून सांगते. तुमचंच माणूस गेलं. तुम्हीच सांगा, मी खोटं बोलते का?"

"आई, आधी फोटो काढू द्या ना त्यांना," सून म्हणाली.

"काढू दे की. मी काय त्याच्या हाताला धरलंय?"

शिकलेलं सगळं विसरून त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागे लपला. ठकीने भोकाड पसरलं. तेच रडणं. फोनवर ऐकलेलं.

"काका, तुमचं तोंड दिसत नाहीये तिला," आई म्हणाली. "मावशींनी खाली धरला होता कॅमेरा."

त्याने कॅमेरा खाली घेतला. ठकी हळूहळू थांबली. हुंदका देत तिने मान वळवली आणि बघितलं. खांद्याच्या मागे नाही, थेट त्याच्याकडे. पापणी न हलवता. तो उभा राहिला. छातीत धडधडत होतं. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण फोटोची वाट बघत नाही आहोत. आपल्याला काही होतंय का, याची वाट बघतोय. म्हणजे इतके दिवस त्यालाही तेच वाटत होतं, जे ती म्हातारी उघड बोलत होती.

काही झालं नाही. एका पोरीने एका माणसाकडे बघितलं, बस. त्याने बटण दाबलं.

"झालं?" आजी म्हणाली.

"झालं."

"मग? मी विचारलं त्याचं काय?"

"फोटो चांगला आलाय," तो म्हणाला, आणि पिशवी उचलून जिना उतरला.

दुकानात येऊन त्याने ठकीचे डोळे मोठे करून पाहिले. खिडकीचा चौकोन, त्यासमोर एक वाकलेला माणूस, टक्कल पडत आलेला. त्याच्या डावीकडे कोणी नव्हतं. त्याने उजेड वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं, दोन्ही डोळे कोपऱ्यांपर्यंत शोधले. कोणी नव्हतं.

फोटो त्याने दुसऱ्याच दिवशी छापून पाठवला. आठवड्याने आईचा फोन आला.

"भिंतीवर लावलाय, काका. येणारा जाणारा थांबून बघतो. पण सासूबाई म्हणतात, फोटो फोटोच्या जागी. तो माणूस आला आणि मी विचारलं त्यावर अक्षर न काढता गेला, म्हणजे त्यालाही तेच वाटतं. परवा शेजारणीने ठकीला घ्यायला हात पुढे केले तर सासूबाईंनी पोर मागे ओढली. तुम्ही एकदा येऊन बोला ना. तुमचं ऐकतील."

"येतो," तो म्हणाला.

काय बोलायचं ते त्याचं ठरलेलं आहे. तुमची नात माझ्याकडे चांगलं मिनिटभर बघत होती आणि मी धडधाकट आहे. माझी बायको हृदयाने गेली, पोरीच्या नजरेने नाही. एवढंच. दोनदा तो त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला. हे एकदा बोलून टाकलं की बायको गेली याचा दोष द्यायला कोणीच उरत नाही.

तीन आठवडे झाले. तो अजून गेलेला नाही.