पाहुण्यांसाठी राखलेली सावली

नगरपालिकेत सगळ्यात नवी मी. त्यामुळे चेरी फुलली की झाडाखाली निळी ताडपत्री पसरून जागा धरायचं काम माझं. यंदा ताडपत्रीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला होता: 'मित्रनगरीचे शिष्टमंडळ'. तीस वर्षांपूर्वी नदीकाठच्या याच झाडाची शंभर कलमं आम्ही समुद्रापलीकडच्या त्या शहराला भेट दिली होती. तेव्हापासून दोन देशांची मैत्री बहरते आहे, असं आमचे नुमातासाहेब प्रत्येक भाषणात सांगतात. पाहुणे अकराला यायचे होते.

दहाला हेइसाकुकाका आले, चाकाच्या खुर्चीतून गेन्झोकाकांना ढकलत. दोघं चाळीस वर्षं दर बहराला याच झाडाखाली बसून साके पितात. गेन्झोकाकांना इस्पितळाने तीनपर्यंत सोडलं होतं. पुढचा बहर ते बघणार नाहीत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"पोरी, जरा सरक. एक कोपरा दे," हेइसाकुकाका म्हणाले.

"काका, कुणालाच बसू देऊ नको म्हणालेत साहेब. फोटो काढायचाय. ते गेले की बसा ना."

"बघ गेन्झो, मैत्रीपायी उठवलं आपल्याला."

"उठवलं कुठे? बसूच दिलं नाही," गेन्झोकाका हसत म्हणाले.

बाकीची झाडं माणसांनी भरून गेली होती. दोघं रस्त्याकडेला उन्हात थांबले. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. साहेबांचा फोन आला की पाहुणे अजून कुंभाराच्या भट्टीवरच रमलेत. अडीचला मला राहवेना.

"काका, बसा तुम्ही. साहेबांचं मी बघते."

हेइसाकुकाकांनी लगेच बूट काढले. गेन्झोकाका हलले नाहीत.

"नाव कुणाचं लिहिलंय?"

"पाहुण्यांचं."

"मग जागा त्यांची. आमचं नाव लावलेली ताडपत्री चाळीस वर्षं सकाळपासून रिकामी पडून असायची, कुणी पाय ठेवला नाही. आता जाता जाता मी वाईट पायंडा पाडू?"

"मरायला टेकलास तरी हट्ट काही सुटत नाही," हेइसाकुकाका पुटपुटले आणि बूट पुन्हा घालू लागले.

साहेबांचा हुकूम मोडायला मी तयार होते, पण तो कागद फाडायचं काही मला सुचलं नाही. त्याचा मला अजून संताप येतो.

तीनला दोघं इस्पितळाकडे परतले. साडेतीनला पाहुण्यांची बस पुलावरून गेली, न थांबता. खिडक्यांतून हात हलले. मी रिकाम्या ताडपत्रीशेजारी उभी राहून कमरेत वाकले.

मे महिन्यात गेन्झोकाका गेले. त्याच आठवड्यात मित्रनगरीचं पत्र आलं. 'उशीर झाल्याने उतरता आलं नाही, क्षमस्व. पण एवढ्या गर्दीत आमच्यासाठी अख्ख्या झाडाची सावली रिकामी ठेवलेली पाहून डोळे भरून आले. मैत्री कशाला म्हणतात, ते त्या दिवशी कळलं.'

नुमातासाहेबांनी पत्राला चौकट करवून घेतली.

"जागा तू धरलीस, मान तुझा. तूच लाव," ते म्हणाले.

मी खिळा ठोकला. चौकट सरळ लागली आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं.