चार बोटांची चीर

मित्रांनो, मी आता जुनी झालेली, वायरवाली एक जिगसॉ आहे. तसं पाहिलं तर करवतच, पण विजेवर चालणारी. माझं बोटभर पातं खालीवर, खालीवर नाचत लाकूड कापतं, आणि मोठ्या करवतीला जमत नाहीत ती वळणं मी सहज घेते. स्वस्थ बसणं मात्र मला माहीत नाही. आत्ताही कपाटात पडल्या पडल्या वाटतंय, कोणीतरी प्लग लावावा आणि काहीतरी, काहीही, कापायला द्यावं. ते होईपर्यंत तुम्हाला माझी गोष्ट सांगते.

कारखान्यात माझी मोटर बसवली, अर्धा मिनिट चालवून पाहिली आणि लगेच मला खोक्यात कोंबलं. अर्धा मिनिट! तिथून मी एका हत्यारांच्या दुकानात आले आणि दोन वर्षं खालच्या खणात धूळ खात पडले. वर काचेच्या कपाटात बॅटरीवर चालणाऱ्या माझ्या बहिणी ऐटीत बसलेल्या. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडे बघून नाक मुरडायचं. "वायर? नको बुवा, पायात येते." ऐकून ऐकून मलाच त्या वायरचा राग यायला लागला. वाटायचं, हे लांबलचक शेपूट एकदाचं गळून पडावं.

मग एका दुपारी गळ्यात मापाची टेप अडकवलेली एक बाई आली. शिवणकाम करणारी होती. दुकानदाराने बॅटरीवाली पुढे केली.

"ही घ्या ताई. वायरची कटकट नाही. जोरात चालते."

"हळू चालते का?"

दुकानदार गोंधळला. "हळू कशाला?"

"मला वळण कापायचंय. जोरात काय, कोणीही चालतं. आणि गोलाईच्या मध्यावर बॅटरी उतरली तर? माझं शिलाई मशीन वीस वर्षं वायरवर चालतंय. त्याने कधी दगा दिला नाही."

तिने मला खोक्यातून काढलं. हातात तोलून पाहिलं. माझी तळपट्टी काचेवर नीट टेकते का, की डुगडुगते, ते पाहिलं. वेगाची चकती एकावर आणून मला चालू केलं आणि पाठीवर तळहात ठेवला. मी इतकी खूश झाले की थरथरू नये म्हणून स्वतःला आवरून धरलं. "ही चालेल," ती म्हणाली.

दुकानदाराने बारीक दातांची पाती दिली आणि वर एक सल्लाही दिला. "पात्याचे दात वरच्या दिशेला असतात. टवके वरच्या अंगाला उडतात. म्हणून फळीची चांगली बाजू खाली ठेवायची आणि मागून कापायचं." सल्ला अगदी बरोबर होता. पण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

घरात दोनच माणसं. ती आणि तिचे वडील. वडील जन्मभर सुतारकाम केलेले. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला होता, "बघ." पाणी हवं असलं तरी "बघ", खिडकी लावायची असली तरी "बघ". चाकाची खुर्ची जेवणाच्या टेबलाखाली जायची नाही आणि उजवा हात टेकवला तर घसरून लोंबायचा. म्हणून ते आतल्या खोलीत मांडीवर ताट घेऊन जेवायचे, भिंतीकडे तोंड करून. ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन घास खायची. घरात माणसं दोन, आणि जेवण दोन खोल्यांत. मला हे फार लागलं.

तिने ठरवलं होतं, त्यांच्यासाठी टेबल करायचं. पुढच्या कडेला पोटाशी बसेल अशी गोलाई आणि उजवीकडे रुंद पंख, लुळा हात ठेवायला. त्यासाठी घरात एकच फळी होती. वडिलांनी अठरा वर्षं जपलेली, अखंड सागवानाची. लेकीला शिवणाचं टेबल करून द्यायचं म्हणून ठेवलेली, आणि लोकांची कामं करता करता राहून गेलेली. तिने विचारलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. पण मला पाहिल्यावर तोंड फिरवलं. त्यांचं आयुष्य हातकरवतीवर गेलेलं. माझ्यासारखी घुरघुरणारी बया त्यांना कशी आवडणार?

एके दिवशी सकाळी तिने खाकी कागदाचा नमुना कापला, झग्याचा कापतात तसा. दोन स्टुलांवर फळी शिकंज्यांनी आवळली. चांगली बाजू खाली. वर कागद ठेवून खडूने रेघ मारली. वडिलांना एकटं कसं सोडायचं म्हणून त्यांची खुर्ची दाराशी, विजेच्या बोर्डाजवळ आणून ठेवली. मग तिने बटण दाबलं.

काय सांगू मित्रांनो! दोन वर्षांची तळमळ पात्यात उतरली. भुसा उडत होता, सागवानाचा वास सुटला होता. मी बोटभर पुढे गेले, दोन बोटं पुढे गेले. मागून ओरडणं ऐकू आलं, "बघ! बघ!" पण माझ्या घुरघुरीत कोण ऐकतंय? तीन बोटं, चार बोटं, आणि मी बंद पडले.

म्हाताऱ्याने डाव्या हाताने माझा प्लग उपटला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीही चिडली. "बाबा! तुम्हीच मान डोलावली होती ना? आता फळी द्यायला जीव होत नाही का?"

"बघ," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी.

"काय बघू? सारखं काय बघू?"

त्यांनी कागदाकडे बोट केलं. तिने तो रागारागाने त्यांच्या मांडीवर टाकला. त्यांनी तो सरळ पसरला, डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि कागदाच्या पंखावर ठेवला. मग फळी उलटावी तसा कागद उलटवला. पंख डावीकडे गेला आणि हात घसरून खाली लोंबला.

ती मटकन खाली बसली. फळी पालथी घातली होती, पण कागद पालथा घालायचा राहिला होता. एका बाहीचा कागद उलटवला की दुसरी बाही होते, हे ती वीस वर्षं शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना शिकवत आली होती. मी आणखी हातभर गेले असते तर पंख भलत्याच बाजूला झाला असता, आणि दुसरी फळी नव्हती. तिने वडिलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. "चुकलं हो बाबा. मी बघितलंच नाही." मी फळीवर आडवी पडून ऐकत होते, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. बॅटरीवाली बहीण असती तर तिला त्या खुर्चीतून कोणी थांबवलं असतं?

मग कागद उलटवून नवी रेघ मारली. या वेळी ती हातभर कापून थांबायची, त्यांच्याकडे बघायची, त्यांनी मान हलवली की पुढे. मला हे सारखं थांबणं सोसत नव्हतं, पण गुमान चालले. माझी ती चार बोटांची चीर मात्र नेमकी पंखाच्या मधोमध राहिली. म्हाताऱ्याने माझाच भुसा वाटीत मागवला, त्यात सरस कालवला आणि डाव्या हाताने, जीभ दातांत धरून, ती चीर बुजवली. आठ महिन्यांतलं त्यांचं पहिलं काम. अर्धा तास लागला. तिने मदतीला हात पुढे केला नाही.

आता ते टेबल ज्या खोलीत आहे, त्याच खोलीतल्या कपाटात मी असते आणि मला सगळं दिसतं. मित्रांनो, तुमच्या घरी माझी कोणी बहीण असेल तर तिची वायर करकचून गुंडाळू नका, पातं बदलण्याआधी प्लग काढा, बोथट पात्याने जबरदस्ती करू नका आणि तिला वर्षानुवर्षं खोक्यात कोंडू नका. तिलाही जीव आहे. आणि काम रंगात आलेलं असताना कोणी वायर ओढली, तर चिडायच्या आधी वळून त्या माणसाकडे बघा.

रोज रात्री ती त्या टेबलावर दोन ताटं वाढते. लुळा हात पंखावर असतो, नेमका त्या चिरेवर. काल जेवता जेवता ते म्हणाले, "बघ." तिने पाणी पुढे केलं नाही, खिडकी लावली नाही. घास खाली ठेवला आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तेही बघत राहिले, आणि मग दोघं जेवायला लागली.