गाणे ऐकू येईल एवढी फट

मित्रांनो, मी एक जुने जाते आहे. किती जुने, ते मला विचारू नका. माझ्या वरच्या तळीच्या काठावर कोणीतरी एक लहानसा क्रूस कोरला होता. तो हात लागून लागून इतका झिजला आहे की आता डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच सापडतो. त्यावरून काय तो अंदाज बांधा.

लिथुआनियाच्या उत्तरेला काल्नेलिश्की नावाचे खेडे आहे. तिथल्या एका शेतात मी नांगराला अडले. शेतकऱ्याने आधी मला चार शिव्या हासडल्या, मग उकरून पाहिले आणि म्हणाला, "अरे, हा तर जात्याचा दगड!" पाथरवटाने माझे दोन भाग केले, वरच्या तळीला तोंड पाडले, काठाशी खुंटा ठोकला. खालच्या तळीच्या मध्ये लोखंडी खिळा बसला. त्या दिवसापासून मी एका घरची झाले.

आठवडाभर मी भाकरीसाठी राय नावाचे इथले धान्य दळत असे. पण माझा खरा मान सणाच्या आधी. आमच्याकडे सणाची बिअर घरी करतात. तुमच्याकडे नाचणीला मोड आणून वाळवतात ना, तसे इथे जवाला मोड आणतात. ते जव दळायचे नसतात बरे का, भरडायचे असतात. दाणा फुटला पाहिजे, पण त्याची साल अख्खी राहिली पाहिजे. मग तो भरडा गरम पाण्यात भिजवून लाकडी पिंपात ओततात. पिंपाच्या तळाला भोक, भोकात उभा दांडा, भोवती पेंढा. दांडा उचलला की सालींमधून आणि पेंढ्यातून गाळून गोड, मधासारखे पाणी खाली उतरते. त्याचा पहिला पेला मुलांना मिळतो. उरलेल्याची बिअर होते, ती मोठ्यांची.

जवाचे पीठ झाले तर मात्र सगळे चिखलासारखे बसते आणि थेंबही खाली येत नाही. सगळी मेख माझ्या दोन तळ्यांमधल्या फटीत आहे.

ही मेख पुरती जाणणारा माणूस म्हणजे स्तेपोनास. तो खुंटा धरून बसायचा आणि त्याची बायको दोमित्सेले माझ्या तोंडात मुठीमुठीने जव घालायची. घालता घालता ती येशूच्या आईची, मारियेची नामावळी गायची. माझ्या एका फेऱ्याला मारियेचे एक नाव. "दयेची माते," की एक फेरा. "पहाटेच्या तारे," की दुसरा. मित्रांनो, मी देवळात कधी गेले नाही. दगडाला कोण नेणार? पण पन्नास वर्षे देऊळच माझ्या घरी येत होते. ती बिअर संत रोकासच्या सणाला गावातल्या गाणाऱ्या मंडळींपुढे जायची. संध्याकाळची प्रार्थना गाऊन त्यांचे घसे सुकलेले असत. पहिला घोट घेऊन सगळे म्हणत, "स्तेपोनासच्या घरची!" मला कोणी काही म्हणत नसे, पण मी ते माझेच कौतुक समजत असे.

मग स्तेपोनास गेला. हिवाळ्यात गेला, झोपेत.

त्याचा मुलगा व्हिदमांतस लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. त्याने कोठी आवरली. वाईट हेतू मुळीच नव्हता, पण माझी वरची तळी त्याने आंबवायच्या कोबीच्या पिंपावर दाब म्हणून ठेवली आणि खालची तळी न्हाणीघराच्या दाराशी पायरी म्हणून पुरली. दोन तळ्यांचे मी एक होते, आता दोन ठिकाणी दोन दगड झाले. एकाला आंबट वास, एकावर ओले पाय. तीन वर्षे मी असे काढले, आणि तीन वर्षे त्या घरात बिअर झाली नाही.

चौथ्या उन्हाळ्यात सण बारा दिवसांवर आला असताना देवळात ऑर्गन वाजवणारा क्लेमेन्सास दाराशी आला.

"मावशी, राग मानू नका. यंदाही तुमच्याकडून नाही जमलं, तर मंडळी म्हणतायत की दुकानातूनच बिअरची खोकी मागवू. कायमचंच ठरवून टाकू."

"खोकी?" दोमित्सेले खुर्चीतच ताठ झाली. ऐंशीची म्हातारी, डोळ्यांना धूसर दिसते, मनगट फिरत नाही, पण आवाज होता तसाच. "रोकासबाबाच्या सणाला खोकी? त्यापेक्षा विहिरीचं पाणी पाजा!"

"मग बिअर कोण करणार, मावशी?"

"मी करीन," स्वयंपाकघरातून आवाज आला. ती व्हायवा, व्हिदमांतसची बायको. शहरात वाढलेली. बाटलीतून ओतण्यापलीकडे तिचा बिअरशी संबंध आला नव्हता. क्लेमेन्सास गेल्यावर सासू म्हणाली, "अगं, तू काय बोलून बसलीस?"

"तुमचा उतरलेला चेहरा बघवेना, आई. आता शिकवा."

जवाला मोड आणून, सुकवून ठेवलेली दोन पोती घरात होतीच. दोमित्सेले दर उन्हाळ्यात सवयीने ती करवून घेई आणि मग डुकरांना घालून टाकी. नवे मोड आणून वाळवायला पंधरवडा लागतो आणि बिअर मुरायला आठवडा. म्हणजे जे काय करायचे, ते या दोन पोत्यांतच.

शेजारी अल्बिनास होता, मोठ्या तोंडाचा, मोठ्या मनाचा. त्याच्याकडे विजेची गिरणी. "वहिनी, आणा इकडे पोतं! बोलता बोलता उडवतो." आणि खरोखर उडवले. पोत्यातून दुपारी जे परत आले ते मऊसूत पीठ. व्हायवाला वाटले, वा, किती छान! तिने ते भिजवले, पिंपात ओतले, दांडा उचलला. थेंब नाही. हलवला, ठोकला, वरून गरम पाणी ओतले. आत सगळी लापशी घट्ट बसली होती. एक पोते डुकरांकडे गेले.

"डुकरांचा सण झाला," अल्बिनास कुंपणावरून म्हणाला.

"तुमची गिरणी डुकरांच्या खाण्याचीच आहे, भाऊजी," व्हायवा म्हणाली. "त्यांना ओळखीची चव लागली असेल."

तिसऱ्या दिवशी पोस्टाने एक खोके आले. घरची हकिगत ऐकून व्हिदमांतसने वाटेतल्या कुठल्याशा शहरातून पाठवलेले चकचकीत यंत्र, दोन लोखंडी रूळ आणि एक दांडा. फोनवर तो म्हणाला, "आई, जगात सगळे घरी बिअर करणारे हेच वापरतात."

यावेळी व्हायवाने पोते ओतायची घाई केली नाही. टेबलावर पांढरे कापड पसरून तिने एक मूठ जव यंत्रातून काढले आणि भरडा सासूच्या तळहातावर ठेवला. दोमित्सेलेने फुंकर मारली, बोटांनी चाळले, चार दाणे चावले.

"हे फुटलेत, ते नाहीत. आपले जव एकसारखे नाहीत गं. आपल्याच शेतातले, काही जाडे, काही बारके, काही खुजे. बारीक दाणे रुळांतून तसेच निसटतायत. जरा आवळ बरं."

व्हायवाने रूळ जवळ आणले. आता बारीक दाणे फुटले आणि जाड्यांचे पीठ झाले. यंत्र बिचारे वाईट नव्हते. दुकानातल्या निवडलेल्या, एकसारख्या दाण्यांना ते उत्तम आहे. पण आमच्या शेतातले दाणे ओळखायला त्याला वेळ लागला असता, आणि वेळच नव्हता.

"मग बाबा काय वापरायचे?"

"जातं होतं. कुठं गेलं देव जाणे. डोळे गेल्यापासून मी काही शोधत नाही."

मित्रांनो, मी तेव्हा दहा पावलांवर होते! मला तोंड आहे, पण ते खाण्याचे, बोलण्याचे नाही.

दुसऱ्या दिवशी व्हायवा कोबीचे रिकामे पिंप धुवायला बसली. नवा कोबी यायचा होता. तिने माझी वरची तळी घासली आणि तिची बोटे थांबली.

"आई, कोबीवरच्या दगडाला क्रूस का कोरलाय?"

आत खुर्ची सरकली. म्हातारी भिंत धरून धरून बाहेर आली, खाली बसली आणि तिची बोटे माझ्या काठावरून फिरली.

"कोबीवर?" ती म्हणाली. "माझं जातं कोबीवर?" आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "तीन वर्षं मी आंबट कोबी खातेय आणि म्हणतेय, यंदा चव बरी आलीय!"

व्हिदमांतसचा फोन लागेना, म्हणून खालची तळी शोधायला अर्धा दिवस गेला. शेवटी अल्बिनासनेच न्हाणीघराच्या दाराशी ठेच खाल्ली आणि मला शिवी दिली. नांगरावर मिळालेल्या त्या चार शिव्यांपैकीच एक. व्हायवाने वाकून पाहिले. पायरीच्या मधोमध एक गंजलेला खिळा होता. "दर शनिवारी आपण त्याच्यावर पाय देऊन अंघोळीला जातो," ती हळूच म्हणाली आणि तिने तिथल्या तिथे ओंजळीने मला धुतले.

अल्बिनासने छिन्नीने ठोकून मला टाकी लावून दिली. नको नको म्हणत, पण मनापासून. "एवढं सजवताय, त्यापेक्षा म्हातारीलाच दळायला लावा," असे म्हणत तो ठोकत होता. "तुझं तोंड आधी दळून घेते," दोमित्सेले म्हणाली.

माझ्या दोन तळ्या एकावर एक बसल्या तेव्हा मला काय वाटले, ते मी सांगू शकत नाही.

पण पहिली मूठ घातली आणि बाहेर आले पीठ. व्हायवाचा चेहरा उतरला. अल्बिनासने छिन्नी खाली ठेवली. एकच पोते उरले होते आणि सणाला आठ दिवस. चूक कुठे होती, ते मला ठाऊक होते. वरच्या तळीच्या तोंडात आडवी पट्टी असते, ती खिळ्यावर टेकते. भाकरीसाठी ती अशीच टेकवायची. पण जव भरडायच्या दिवशी स्तेपोनास त्या दोघांच्या मध्ये काहीतरी घालून मला उचलून धरायचा. काय घालायचा, ते दोमित्सेलेने कधी पाहिले नव्हते. ती डोळे मिटून गात असे.

"पुन्हा फिरव," ती अचानक म्हणाली. तिने कान माझ्याकडे केला आणि हलक्या आवाजात नामावळी सुरू केली. "दयेची माते..." माझ्या घरघरीत तिचा आवाज बुडून गेला. ती थांबली.

"हे चूक आहे. दगड ओरडतोय. तो फिरवायचा तेव्हा मी माझं गाणं ऐकू शकायचे. हळू गायले तरी. दगड उचलायला हवा, व्हायवा. माझं गाणं ऐकू येईल एवढा."

व्हायवाने कापडाची घडी घातली, ती दोन फेऱ्यांत फाटली. लाकडाची ढलपी घातली, ती चिरडली. मग दोमित्सेले उठून आत गेली आणि फळीवरचे बूट घेऊन आली. स्तेपोनासचे रविवारचे बूट, तीन वर्षे तेल लावून ठेवलेले. तिने उजवा पुढे केला.

"आई, हा नको."

"तो देवळात जायचा तेव्हाच हे घालायचा. आताही ते देवळाच्याच कामी येणार आहेत. काप."

व्हायवाने चामड्याची एक गोल चकती कापली, मध्ये भोक पाडले, खिळ्यावर घातली. मी फिरले. अजून घरघर होती. दुसरी चकती घातली, तेव्हा दोमित्सेले गाऊ लागली आणि अर्धे शब्द वर आले. तिसरी चकती घातली. आणि मित्रांनो, "पहाटेच्या तारे" हे नाव माझ्यावरून असे तरंगत गेले की अंगणात उभ्या अल्बिनासने टोपी काढली. मी आता ओरडत नव्हते. पेंढ्यावरून पाऊल जावे तसा माझा आवाज येत होता. काठावरून फुटलेला दाणा पडत होता, आणि साल अख्खी.

व्हायवाला नामावळी येत नव्हती. पण शेवटच्या पोत्याच्या तळापर्यंत येता येता तीही म्हणू लागली. शब्द चुकत होते, फेरा चुकत नव्हता.

दुसऱ्या सकाळी पिंपाचा दांडा उचलला. आधी काहीच नाही. व्हायवाने डोळे मिटले. मग एक थेंब पडला, मग दोरा सुटावा तशी धार आणि मग भरभरून सोनेरी पाणी! अल्बिनास पहिला पेला हिसकायला धावला, तर म्हातारीने त्याच्या हातावर चमचा मारला. "आधी मुलांना!" गल्लीतली सगळी पोरे ओठ चिकट करून गेली. शेवटचा पेला अल्बिनासला मिळाला. त्याने चाखला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "हे तर खोक्यात मावणार नाही."

सणाच्या संध्याकाळी प्रार्थना गाऊन मंडळी अंगणात आली. भाजलेल्या डुकराच्या चरबीबरोबर उकडलेले वाटाणे होते, पनीर होते आणि फेसाळत्या बिअरच्या सुरया. क्लेमेन्सासने पहिला घोट जमिनीवर ओतला, स्तेपोनाससाठी. दुसरा घेतला, मग पुन्हा घेतला.

"स्तेपोनासच्या घरची," तो म्हणाला.

"नाही," दोमित्सेलेने सुनेचा हात धरून वर केला. "व्हायवाची!"

चाळीस गळ्यांनी एकदम गायला सुरुवात केली. मला न्हाणीघराजवळ ठेवले होते, तिथपर्यंत ते गाणे आले. दुकानाच्या खोक्यांची गोष्ट त्या रात्रीनंतर कोणी काढली नाही.

पुढच्या आठवड्यात अल्बिनास खांद्यावर पोते घेऊन आला. "वहिनी," तो खाली बघत म्हणाला, "डुकरांना पीठ पुरतंय. मला मात्र भरडा हवाय." मग त्याच्यामागे आणखी दोन घरे आली, मग तीन. आता प्रत्येक सणाच्या आधी माझ्यापाशी रांग लागते. रांगेतल्याला नामावळी येत नसेल, तर व्हायवा त्याला शिकवते. तिच्या मते न शिकता जव भरडले जात नाहीत, आणि यात ती चुकत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा दगड कशावर तरी दाब म्हणून पडला असेल, एखादा पायाखाली असेल. कधीतरी त्याच्या काठावरून बोट फिरवून पाहा. आणि ज्यांना आता दिसत नाही, अशांना एकदा विचारा, त्यांना काय ऐकू येत असे. माझे तर त्यावरच निभावले.

माझ्या खिळ्यावरच्या तीन चकत्या अजून मजबूत आहेत. एक दिवस त्याही झिजतील, मला ठाऊक आहे. पण मला काळजी नाही. स्तेपोनासचा डावा बूट फळीवर आहे आणि व्हायवा दर शनिवारी त्याला तेल लावते.